जालिंदर रायटरची हरकत

सोलापुरात कोर्टाच्या कंपाउंडबाहेर लिंबाच्या झाडाखाली स्टॅम्पपेपरवर दस्तऐवज लिहून देणाऱ्या बाँड रायटरांची टेबलं मांडलेली असतात. त्यातल्या तिसऱ्या टेबलावर बसणारा जालिंदर सरवदे हा माणूस कागद वाचून दाखवतो. यात विशेष काय, असं कुणालाही वाटेल. कागद लिहिणारा तो वाचणारच. पण बाकीचे रायटर "इथं सही, इथं सही, आणि इथं" म्हणत पानं उलटतात, आणि जालिंदर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पत्त्यातल्या पिनकोडसकट, मोठ्यांदा वाचतो. ऐकणाऱ्याने नुसती मान डोलावलेली त्याला चालत नाही. तोंडाने होकार वदवून घेतो, मगच पेन हातात देतो. एकदा ऐन मे महिन्यात भर दुपारी त्याने सात भावांचं वाटणीपत्र वाचायला घेतलं. चौथ्या पानावर दोन भाऊ रसवंतीकडे पळाले. ते परत येईपर्यंत हा थांबला, आणि मग चौथं पान पुन्हा वरपासून सुरू केलं.

ही खोड त्याच्या अंगात अशी मुरली होती, की खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला कागददेखील तो आधी पुरता वाचायचा आणि तोवर खोकत बसायचा. मुलीच्या, बुद्धप्रियाच्या, लग्नाची नोंदणी करताना त्याने फॉर्मच्या मागची बारीक छपाई वाचायला घेतली, तेव्हा नवरा, नवरी आणि व्याही असे तिघे पाऊण तास रिक्षात बसून होते. व्याही अजून तो विषय काढतात. मुलगी आता नाशिकला असते, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि मिलिंदनगरातल्या घरात अठ्ठावन्न वर्षांचा जालिंदर आणि त्याची ब्याऐंशी वर्षांची आई मुक्ताबाई अशी दोघंच राहतात.

तर अशा माणसाचा लॅपटॉप गेल्या डिसेंबरात म्हातारा झाला. बिघडला म्हणता येत नव्हतं. चालू व्हायचा, टाइप करायचा, छापायचा. पण त्यातली सिस्टीम इतकी जुनी झाली होती, की भाडेकरार ज्या साइटवर चढवायचे ती साइट त्याला दारातसुद्धा उभं करेना. नेमकी त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी एका मुलींच्या हॉस्टेलची मालकीण टेबलापाशी आली. अठ्ठावीस मुलींचे भाडेकरार सोमवारी करून द्याल का, म्हणाली. मागच्या वर्षी तिने दुसरीकडे करार करून घेतले होते आणि घाईगर्दीत एका मुलीचं नाव भाडेकरूच्या जागी न पडता मालकाच्या जागी पडलं होतं. वर्षभर ती पोरगी मालकिणीला भाडं मागत होती, गमतीने का होईना. म्हणून यंदा वाचून करणारा माणूस हवा होता.

जालिंदर हो म्हणून बसला. आता सोमवारपर्यंत नवा लॅपटॉप आला नाही, तर हे अठ्ठावीस करार शेजारच्या टेबलावर मृत्युंजयकडे जाणार हे उघड होतं. मृत्युंजयकडे नवाकोरा लॅपटॉप होता आणि तो कुणाला काही वाचून दाखवत नसे. लिंबाखालचं निम्मं गिऱ्हाईक त्याने आधीच ओढलं होतं. हे करारही गेले, की तिसरं टेबल उचलून घरी न्यायचं, एवढंच राहिलं असतं.

दुपारी जालिंदर नवी पेठेत गुरुशांतच्या दुकानात गेला. आजवरचे चारही कॉम्प्युटर त्याने तिथूनच घेतले होते. "जय भीम" म्हणायचं, पलीकडून "शरणू शरणार्थी" यायचं, चहा मागवायचा, असा बावीस वर्षांचा रिवाज. दुकानाच्या पाटीवर नाव गुरुशांतचं, पण दुकान चालवते ती त्याची सून शिवानी. इंजिनिअर झालेली, अक्कलकोटची, गिऱ्हाइकाशी मराठीत गोड आणि सासऱ्याशी कानडीत खरं बोलणारी.

शिवानीने त्याला समजावून सांगितलं, की नुसता लॅपटॉप बदलून भागणार नाही, सिस्टीमही बदलावी लागणार. सिस्टिमी तीन तऱ्हेच्या. एक खिडकीवाली, तिची काकांना सवयच आहे, फक्त ती आता बरीच पुढे गेली आहे. दुसरी सफरचंदवाली, ती महाग. तिसरी फुकटवाली, ती सहसा कुणी मागत नाही. मग तिने खिडकीवाला एक चकचकीत लॅपटॉप पुढे सरकवला आणि कौतुकाने म्हणाली, "याला पासवर्डपण लागत नाही काका. अंगठा लावला की उघडतो."

जालिंदर उठला, चपला घातल्या आणि दुकानाबाहेर पडला.

शिवानीला कळेना काय चुकलं. गुरुशांतला मात्र मुक्ताबाईच्या अंगठ्याची गोष्ट ठाऊक होती, त्याला लगेच कळलं आणि तो चहाच्या टपरीपर्यंत मागे पळत गेला. मुक्ताबाईचं माहेर करमाळ्याकडचं केम. जालिंदर अठरा वर्षांचा असताना तिचे भाऊ आले, रेशनकार्डातलं नाव कमी करायचंय म्हणाले, आणि एका कागदावर तिचा अंगठा घेऊन गेले. ते हक्कसोडपत्र होतं. बापाच्या दोन एकरांतला तिचा वाटा त्या अंगठ्याखाली गेला. भावांनी चोळीबांगडी केली, पुरणपोळी घातली, फक्त कागद वाचून दाखवला नाही. मुक्ताबाई त्यावर कधी बोलली नाही, पण जालिंदर त्याच वर्षी टायपिंगच्या क्लासला गेला आणि पुढे बाँड रायटर झाला. आधारचा अंगठा तो सरकारी म्हणून कसाबसा सोसायचा. लॅपटॉपने अंगठा मागावा हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

गुरुशांतने टपरीवर त्याची समजूत काढली, की अंगठा ऐच्छिक आहे, नाही लावला तरी चालतं. मग स्वारी परत आली. शिवानीने अंगठ्याचा विषय न काढता लॅपटॉप चालू केला. पडद्यावर आधी हसऱ्या अक्षरांत स्वागत आलं आणि मग बारीक अक्षरांचं एक पान. खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य. शिवानीचं बोट सवयीने पहिल्या बटणाकडे गेलं.

"थांबा ताई. हे काय हाय?"

"काही नाही काका, करार असतो. सगळे दाबतात."

तिने दुसरा कुठलाही शब्द वापरला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं. करार म्हटल्यावर जालिंदरने खिशातून चष्मा काढला. पान खाली सरकवायला लागला. ते सरकतच गेलं. हॉस्टेलच्या अठ्ठावीस करारांना एकत्र शिवलं असतं तरी एवढी लांबी भरली नसती. मग त्याला एक शंका आली आणि तो गुरुशांतकडे वळला. आपल्या आधीच्या चार कॉम्प्युटरांनाही असं पान आलं असणार, मग तेव्हा मान्य कुणी म्हटलं?

"मीच की," गुरुशांत म्हणाला. "दुसरं कोन?"

ज्या माणसाने कुणाला न वाचता टिंबसुद्धा काढू दिलं नव्हतं, त्याच्या नावाने चार वेळा न वाचता मान्यता गेली होती. त्याने शांतपणे विचारलं, की गुरुशांतअण्णांकडे त्यासाठी आपलं कुलमुखत्यारपत्र होतं का. गुरुशांत हसला. जालिंदर हसत नाही असं बघून थांबला. नुसतं तुमचंच नाही, सगळ्यांचंच मी दाबतो, असं सांगून त्याने स्वतःला सावरायला बघितलं, तर प्रकरण आणखी वाढलं. जालिंदरने त्याच्याकडून यादी काढून घेतली. दोन डॉक्टर, एक शाळा, चार वकील, चादरीचे तीन कारखाने, एक मंगल कार्यालय. अर्धी नवी पेठ गुरुशांतच्या तर्जनीने बांधली गेली होती. जालिंदर म्हणाला, की चार वकिलांचं काही वाटत नाही, पण शाळेतली पोरं अज्ञान आहेत, त्यांच्या वतीने करार करायला पालक लागतात. त्या दिवशी गुरुशांतला जेवण गेलं नाही. यात आत घालतात का, असं त्याने सुनेला कानडीत दोनदा विचारलं.

शेवटी असं ठरलं, की जालिंदर तिन्ही सिस्टिमींचे करार वाचणार आणि ज्याचा करार पटेल तो लॅपटॉप घेणार. स्क्रीन केवढा, बॅटरी किती, वजन काय, हे सगळं शिवानी सांगत राहिली आणि तो ऐकून सोडून देत राहिला. नाशिकहून बुद्धप्रियाचा फोन आला. बाबा, सगळं जग ते बटण दाबतं, म्हणाली. सगळं जग म्हणजे कोण, त्यातलं एक नाव सांग, असं यानं विचारलं.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी जालिंदर स्टूल, फूलस्केप कागद, लाल पेन आणि शब्दकोश घेऊन दारात हजर. त्याचं इंग्रजी सगळं कोर्टातलं. 'हिअरइनआफ्टर' आणि 'नॉटविथस्टँडिंग' ही त्याची घरची माणसं, उलट स्वागताच्या पानावरचं साधं सोपं बोलकं इंग्रजी त्याला समजेना. करार मात्र त्याने सपासप वाचला, आणि दहा वाजता त्याचा आवाज दुकानभर घुमला. यात लिहिलंय, की सिस्टीम विकलेली नाही, फक्त वापरायला दिली आहे.

"ताई, ही विक्री न्हवंच की. हा भाडेकरार हाय."

भाडेकरार म्हणजे त्याच्या हातचा मळ. तो खुशीत आला. मग मुदत किती, त्याने विचारलं. अकरा महिने की साठ? मालकाचं वय, धंदा, पत्ता कुठाय? परिशिष्टात जागेचं वर्णन नाही. दोन साक्षीदार नाहीत. वाद झाल्यास कुठं जायचं याबद्दल चिकार लिहिलंय, पण सोलापूरचं नाव कुठंच नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. शिवानी आधी उत्तरं देत होती, मग नुसतं हं म्हणत होती, मग गोदामात जाऊन बसली. दुपारी जालिंदरने सफरचंदवाली सिस्टीम घेतली. तीही भाड्यानेच निघाली. लाल पेन संपलं.

दुकानात त्याचा परिणाम व्हायला लागला तो वेगळाच. चार्जर घ्यायला आलेला एक मास्तर करार ऐकत उभा राहिला आणि चार्जर न घेताच गेला. एका बाईने फोन पुढे केला, यात मी कशाकशाला मान्य म्हटलंय ते बघा की भाऊ. आदल्या आठवड्यात लॅपटॉप नेलेला एक डाळवाला पिशवीसकट परत आला. त्याला लॅपटॉप परत करायचा नव्हता, फक्त त्याने काय लिहून दिलंय ते ऐकायचं होतं. शनिवारी सकाळी स्टुलाभोवती सात-आठ माणसं बसलेली. त्यांना चहा गुरुशांतच सांगत होता, कारण चहा न विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं. विक्री शून्य.

शिवानी सासऱ्याला म्हणाली, "इवरु इवत्तू होगंगिल्ल री." आजही हे गृहस्थ जात नाहीत, असं तिचं म्हणणं. जालिंदरने मान वर न करता कानडीत उत्तर दिलं, "ओदिद म्याल होगतीनि." वाचून झाल्यावर जातो. अक्कलकोटच्या पक्षकारांनी त्याला तेवढं कानडी शिकवलं होतं.

पण खरं सांगायचं तर शनिवारी दुपारी तो आतून पुरता खचला होता. दोन्ही करार वाचून झाले होते आणि दोन्हींवर त्याच्या एकूण तेवीस हरकती होत्या; फुकटवालीची आठवण त्या गडबडीत कुणालाच राहिली नव्हती. हरकती कुणाकडे नोंदवायच्या, हे शिवानीला ठाऊक नव्हतं. बटणं दोनच, मान्य आणि अमान्य. 'वाचलं, पण हरकतीसह' असं बटण नव्हतं. त्याने एकदा अमान्य दाबून बघितलं, तर लॅपटॉपने त्याला मागच्या पानावर नेऊन सोडलं. मृत्युंजयने चहाच्या पोऱ्याबरोबर निरोप पाठवला होता, की हॉस्टेलच्या बाई विचारून गेल्या. सोमवार तर तोंडावर आला. चाळीस वर्षांचा नेम मोडून न पटलेल्या कागदाला मान्य म्हणायचं, की टेबल सोडायचं, एवढंच उरलं होतं. त्याने मान्यवर बोट नेलं आणि उचललं, नेलं आणि उचललं. ते शिवानीने काउंटरमागून बघितलं. तिला त्याचा दोन दिवस राग येत होता, तो कुठे गेला तिचं तिलाच कळलं नाही.

ती आत गेली आणि प्रिंटरवर काही पानं काढून घेऊन आली. फुकटवाल्या सिस्टीमचा कागद आहे, लिनक्स म्हणतात तिला, तेवढा वाचून बघा, म्हणाली. पानं थोडीच होती.

जालिंदरने पहिलं पान वाचलं आणि सरळ बसला. वापरा, त्याच्या प्रती काढा, दुसऱ्याला द्या, हवा तसा बदला; फक्त ज्याला द्याल त्यालाही हेच सगळे हक्क द्या. हा भाडेकरार नव्हता. "हे तर बक्षीसपत्र हाय," तो म्हणाला. हमी काही नाही, असंही त्यात होतं, पण ते मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं, कुठे लपवलेलं नव्हतं. तरी रायटर तो रायटर. बक्षीस देणाऱ्याची सही कुठाय? घेणाऱ्याची जागा कुठाय? घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय बक्षीसपत्र पुरं होत नाही. लाल पेन नवं आणलेलं होतं, ते त्याने उघडलं.

आणि मग पाचवं कलम आलं. त्यात लिहिलं होतं, की तुम्ही या कागदावर सही केलेली नाही, त्यामुळे तो मान्य करण्याची तुमच्यावर सक्ती नाही. मात्र बदलायचा किंवा वाटायचा असेल, तर त्याची परवानगी याच कागदाने मिळते.

जालिंदरने ते एकदा वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. आयुष्यात त्याने हजारो कागद लिहिले, पण सही नाही म्हणून बंधन नाही, असं स्वतःहून सांगणारा कागद त्याने पाहिला नव्हता. तो चष्मा काढून स्टुलावरून उठून उभाच राहिला. आजूबाजूच्या सात-आठ माणसांना वाटलं, काहीतरी भयंकर कलम निघालं. डाळवाल्याने घाबरून विचारलं, आपल्यालाबी लागू हाय का ते?

जालिंदरने लाल पेनाला टोपण लावलं आणि शिवानीला म्हणाला, हाच द्या. कुठल्याही सिस्टीमशिवाय येणारा एक लॅपटॉप दुकानात होता, त्यात तिने तासाभरात लिनक्स घातलं, त्याची मराठी टायपिंगची पद्धत बसवून दिली, आणि भाडेकराराची साइट उघडून दाखवली. आपण घेतलेला लॅपटॉप काळा आहे, हे जालिंदरला घरी गेल्यावर कळलं. गुरुशांतचा जीव भांड्यात पडला. त्याने त्या दिवसापासून कुणाच्याही वतीने बटण दाबणं सोडलं. गिऱ्हाइकाचं बोट धरून बटणावर नेतो आणि तोंड दुसरीकडे करतो.

सोमवारी अठ्ठावीस करार झाले. संध्याकाळचे सात वाजले, शेवटच्या चार मुलींनी वडापाव खात ऐकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते आदल्या दिवसाचं, रविवारचं.

रविवारी सकाळी मुक्ताबाई दारातल्या उन्हात चटणीसाठी शेंगा सोलत बसली होती. जालिंदरने तो सबंध कागद मराठीत उतरवून काढला होता. सही नको असली तरी कागद कुणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय लॅपटॉपला हात लावायचा त्याचा धीर होत नव्हता, आणि घरात आईशिवाय दुसरं कोणी नव्हतं. तो पाट घेऊन तिच्यासमोर बसला.

कोण देतंय हे, तिने विचारलं. लई लोकांनी मिळून केलंय, त्यांची नावंबी ठावं न्हाईत, तो म्हणाला. फुकट देतात म्हटल्यावर ती म्हणाली, मग नीट वाच, गाळू नको. त्याने गाळलं नाही. हमी नाही हे कलम आलं तेव्हा तिने मान हलवली, हे बरं केलं, आधी सांगितलं, म्हणाली. 'प्रती' म्हणजे काय ते विचारलं. मध्ये दोनदा तिने शेंगा पाखडल्या, तेव्हा तो थांबला.

पाचवं कलम आलं. मुक्ताबाईचा हात सुपात तसाच राहिला.

"ते सईचं आनी एकदा वाच."

त्याने वाचलं. सही केलेली नाही, म्हणून सक्ती नाही. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली आणि खाली बघतच म्हणाली, "माज्या भावांनी असं समदं वाचून दाकवलं आसतं, तर मी दिला आसता की रं अंगठा. जमीन मला त्येंनाच द्यायची हुती. त्येंनी इचारलंच न्हाई."

चाळीस वर्षं जालिंदर आईची जमीन गेली म्हणून कागद वाचत होता. तिचं दुःख जमिनीचं नव्हतंच, आणि तिला नेमकं काय सलतं हे त्यानेही कधी विचारलं नव्हतं. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मुक्ताबाईने सूप बाजूला सारलं आणि फुडं वाच म्हणाली. त्याने काही न गाळता सहावं कलम वाचायला घेतलं.